संकटातही देव चांगलंच करतो असं ख्रिस्ती लोक म्हणतात. ते खरंच दिसतं, की नुसती मनाची समजूत असते?

प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय की वडील अंथरुणाला खिळलेत, त्यात नोकरी गेली आणि एक ख्रिस्ती मित्र सारखा म्हणतो, ‘सगळं चांगल्यासाठीच होतं.’ मी जन्मापासून ख्रिस्ती आहे, पण अशा वेळी हे वाक्य मलाही ऐकवत नाही. आमच्या शास्त्रात, म्हणजे बायबलमध्ये, ते असं लिहिलेलंही नाही.

मित्राच्या मनात बहुतेक प्रेषित पौलानं लिहिलेल्या रोमकरांस पत्रातल्या 8 व्या अध्यायाचं 28 वं वचन असणार. देवावर प्रीती करणाऱ्यांसाठी सगळ्या गोष्टी मिळून कल्याणकारक होतात, असा त्याचा आशय. लोक ते एकटंच उचलतात. त्याच्या आधीचं वाचा. 22 व्या वचनात सारी सृष्टी कण्हते, 23 व्यात आपण कण्हतो, 26 व्यात तर पवित्र आत्माच आपल्यासाठी कण्हत विनवणी करतो. एवढं कण्हून झाल्यावर पौल कल्याणाचं नाव काढतो, आणि कल्याण म्हणजे काय ते पुढच्याच वचनात सांगतो: ख्रिस्तासारखं होत जाणं. गेलेली नोकरी परत मिळेल, असा शब्द त्यात कुठे दिलेला नाही.

आता माझं सांगते. आम्ही राहतो नाशिकला, शरणपूर रोडला. निफाड तालुक्यात आमची अडीच एकर द्राक्षबाग आहे. 26 नोव्हेंबर 2023 ला रविवार होता. उपासनेहून आलो, जेवलो आणि बागेवर गेलो. त्या दिवशी गारा पडल्या. मणी हरभऱ्याएवढे झाले होते, विरळणी, म्हणजे घडातले जादा मणी काढणं, संपत आली होती. गारा थांबल्या तेव्हा ओळींमध्ये पांढरा थर आणि त्यावर पानांच्या चिंध्या. घड लांबून जागच्या जागी दिसत होते. हातात घेतला की कळायचं, एका अंगाचे मणी फुटलेत. आमचे हे बांधावर बसून राहिले. सोसायटीचं कर्ज, औषधांची उधारी, सगळं त्या घडांवर होतं.

रात्री प्रार्थना झाली नाही. सवयीनं शास्त्र उघडलं आणि हबक्कूक या संदेष्ट्याचं पुस्तक काढलं. अंजिराला फूल नाही, द्राक्षवेलीला फळ नाही, जैतुनाचं पीक बुडालं, शेतात अन्न नाही, मेंढवाडा रिकामा, गोठ्यात गुरं नाहीत. सहा गोष्टी मोजून तो म्हणतो, तरी मी परमेश्वराच्या ठायी आनंद करीन. चर्चमध्ये हे कितीदा ऐकलं होतं, पण द्राक्षवेल त्या रात्री पहिल्यांदा खरी वेल होती. मात्र हबक्कूकला हा ‘तरी’ सापडतो तिसऱ्या अध्यायाच्या शेवटी. पुस्तकाची सुरुवात होते ती तक्रारीनं: परमेश्वरा, मी किती दिवस ओरडू, तू ऐकतच नाहीस. मी पहिल्या अध्यायातच थांबले, आणि खरं सांगायचं तर काही महिने तिथंच होते. तुम्हीही खुशाल थांबा. देवाशी भांडणं हाही देवाशी बोलण्याचाच प्रकार आहे. वधस्तंभावर ख्रिस्तानं ‘माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास’ हे 22 व्या स्तोत्रातलेच शब्द उच्चारले.

सकाळी विरळणीच्या बाया आल्या. पेठकडची टोळी, बागेतच पालं टाकून राहते. त्यांची रात्र ओल्या पालात गेली होती, आणि काम बुडालं म्हणजे मजुरीही बुडाली. तरी त्यांतल्या एक मावशी कुणी न सांगता वेलीखाली गेल्या आणि कात्रीनं फुटके मणी काढू लागल्या. एक घड साफ करून तळहातावर तोलला आणि म्हणाल्या, “ताई, यातले चाळीस तरी जगतील.” दुपारी आमच्याकडे कुणी काही शिजवलं नव्हतं. मावशींनी फडकं सोडलं, नागलीची भाकरी मधोमध मोडली, वर ठेचा ठेवला आणि अर्धी माझ्या हातावर दिली. “खा. उपाशी राहून गारा मागं जायच्या नाहीत.”

ख्रिस्तानं शिकवलेल्या प्रार्थनेतलं ‘आमची रोजची भाकर आज आम्हांला दे’ हे मी बोलायला लागल्यापासून म्हणत आलेय. त्यात मागणं आजच्या भाकरीचं आहे, हंगामाचं नाही. रानात इस्राएल लोकांना देवानं दिलेलं अन्न, म्हणजे मान्ना, तोही त्या दिवसापुरताच मिळायचा, सकाळपर्यंत ठेवला की त्यात किडे पडायचे. आदल्या रात्री मी काही मागितलंही नव्हतं. भाकर आली, आणि जिची मजुरी बुडाली तिच्याच हातून आली. मला चांगलं दिसलं ते तिथं.

पण गारा त्यासाठीच पडल्या, असं मी कधीही म्हणणार नाही. आमच्या शरणपूरचंच बघा. 1850 च्या दशकात मिशनऱ्यांनी वसवलेली ही वस्ती. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलं इथं आणून शिकवली. त्यांतला जेकब वेनराइट पुढे आफ्रिकेत डेव्हिड लिव्हिंग्स्टन या मिशनरी प्रवाशाबरोबर होता. 1873 मध्ये लिव्हिंग्स्टन वारले तेव्हा दफनाच्या वेळची प्रार्थना त्यानंच वाचली. म्हणून त्या लेकरांना आईपासून तोडलं ते बरं झालं, असं कोण म्हणेल? ते पापच होतं. बायबलमधल्या योसेफाला भावांनी खड्ड्यात टाकलं, गुलाम म्हणून विकलं. तोही पुढे भावांना म्हणाला, तुम्ही माझं वाईट योजलं, देवानं त्यातून चांगलं योजलं. वाईटाला त्यानं वाईटच म्हटलं. आणि हे तो स्वतः म्हणाला, कितीतरी वर्षांनी. तो खड्ड्यात असताना काठावर उभं राहून त्याला हे कुणी ऐकवलं नव्हतं. तुमच्या मित्राला हे जरूर सांगा. त्याचं मन चांगलंच असेल.

तुम्ही आज रात्री एवढं करून बघा. आधी जे साचलंय ते देवापुढे ओता, सभ्य शब्द शोधत बसू नका. मग फक्त उद्याच्या दिवसापुरतं मागा: वडिलांना चार तास झोप, औषधाचे पैसे, फोन करायला एक माणूस. आणि त्यातलं जे मिळेल ते कुणाच्या हातून आलं, तिकडे नीट बघा.

आमची बाग त्या वर्षी निम्मीसुद्धा हाती लागली नाही, उधारी अजून फिटतेय. मावशी दर हंगामाला येतात, येताना नागलीचं पीठ आणतात.

वडिलांना काय झालंय ते लिहिलंत तर बुधवारच्या प्रार्थनेत त्यांचं नाव घेऊ. नाव सांगायचं नसेल तर नुसतं ‘एकाचे वडील’ म्हणू.