आईंचा गुडघा आणि कुंभार्लीचा घाट

वाचकांचे प्रश्न : घरची गाडी

प्रश्न : मी कऱ्हाडजवळच्या एका हायस्कूलमध्ये शिक्षक आहे. घरात आम्ही पाच जण : मी, पत्नी, ७२ वर्षांची आई, ११ वर्षांची मुलगी आणि ४ वर्षांचा मुलगा. आमची २०१२ ची वॅगनआर आता बदलायची आहे. रोजचं जाणं-येणं २८ किलोमीटर. पत्नीचं माहेर चिपळूणला, त्यामुळे वर्षातून पाचेक वेळा कुंभार्ली घाट उतरतो-चढतो. बजेट १२ लाख. शोरूमवाले म्हणतात, ‘सर, फॅमिलीला आता कॉम्पॅक्ट एसयूव्हीच.’ मेहुणे म्हणतात डिझेल घ्या, स्टाफरूममध्ये सगळे सीएनजीवाले. आईचा उजवा गुडघा दुखतो. ती म्हणते, ‘आहे तीच गाडी बरी आहे, मला बसता येतं.’ या गाड्या खरंच कुटुंबासाठी चांगल्या असतात, की नुसत्या उंच दिसतात?

उत्तर : सर, तुमच्या पत्रात सगळ्यात शहाणं वाक्य तुमच्या आईंचं आहे. वॅगनआरची सीट खुर्चीच्या उंचीची, दार मोठं, छत उंच. गुडघेदुखीच्या माणसाला यापेक्षा सोपी गाडी शोधावी लागते. त्यामुळे शोरूममध्ये जाण्याआधी घरातली शिवणाची फीत घ्या आणि वॅगनआरच्या मागच्या सीटची जमिनीपासूनची उंची मोजा. मग उंबरा मोजा, म्हणजे दाराखालची ती कड, जिच्यावरून पाय उचलून आत न्यावा लागतो. हे दोन आकडे कागदावर लिहून खिशात ठेवा. नवी गाडी त्यांच्याशी ताडून बघायची. ब्रोशरमध्ये हे आकडे नसतात.

हे मी का सांगते ते ऐका. साताऱ्यात ड्रायव्हिंग स्कूल चालवून मला सव्वीस वर्षं झाली, तरी स्वतःची गाडी घेताना मी चुकले. खाली शिडीसारखी वेगळी लोखंडी चौकट, म्हणजे चासी, असलेली मोठी, रुबाबदार एसयूव्ही घेतली. ट्रायल मी घेतली, ह्यांनी घेतली, मुलानं घेतली. सासूबाईंना थेट पेढे वाटायच्या दिवशी गाडीपाशी नेलं. उंची पाच फुटांच्या आत, नेसण नऊवारी. त्यांनी गाडीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, ‘शिडी आण.’ त्या दिवसापासून आमच्या डिकीत देवघराजवळचा लाकडी पाट असायचा. गाडी थांबली की पाट खाली, सासूबाई वर, पाट डिकीत. एकदा नीरेजवळ चहाला थांबलो आणि पाट टपरीसमोरच राहिला. पुढे पुण्यात उतरताना त्या माझ्या खांद्यावर जो भार टाकून उतरल्या, तो खांदा मला आठवडाभर त्यांची आठवण करून देत होता.

आता तुमच्या प्रश्नाकडे येते. शोरूमवाले जिला कॉम्पॅक्ट एसयूव्ही म्हणतात ती खरं तर क्रॉसओव्हर, म्हणजे अंगानं मोटार आणि पेहरावानं जीप. नेक्सॉन, ब्रेझा, व्हेन्यू, सोनेट, एक्सयूव्ही थ्रीएक्सओ, कायलॅक या सगळ्यांचा सांगाडा मोटारीसारखा एकसंध आहे, जुन्या सुमो-बोलेरोसारखी खाली वेगळी चासी नाही. ताकद पुढच्या चाकांना जाते. ‘एसयूव्ही’ म्हणून ओढ्यात घालायची ही गाडी नव्हे. पण तुमच्या आईंसाठी हेच बरं आहे. सीट कमरेच्या जरा खाली येते, त्यामुळे सेडानसारखं आत पडावं लागत नाही आणि माझ्या त्या गाडीसारखं चढावंही लागत नाही. म्हणजे नुसत्या उंच दिसतात असं नाही, ती उंची खरंच कामाची आहे. फक्त काही मॉडेलांत उंबरा रुंद आणि मागचं दार चाकाच्या बाजूनं कापलेलं असतं, तिथे पाऊल अडतं. आईंना शोरूममध्ये न्या, नेहमीच्या लुगड्यात आणि नेहमीच्या चपलांत. तीनदा बसवा, तीनदा उतरवा. तिसऱ्यांदा त्यांचा हात कुठे जातो ते बघा. छताच्या कडीला गेला तर ठीक. पुढच्या सीटच्या डोकेटेकणीला गेला, तर दुसरी गाडी बघा.

यापुढची अडचण बहुतेकांना गाडी घरी आल्यावर कळते. मागे तिघं कोण आणि कुठे बसणार? चार वर्षांच्या मुलाला बालसीट हवीच. कायद्यातही चौदा वर्षांखालच्या मुलाला सुरक्षितपणे बांधलेलं नसेल तर १००० रुपये दंड आहे, पण दंड राहू द्या, कुंभार्लीच्या वळणावर आईच्या मांडीवरचं पोर मी तरी बघू शकत नाही. बालसीट अडकवायच्या आयसोफिक्सच्या कड्या मागच्या सीटवर बहुधा दोन्ही कडांना असतात, मध्ये नसतात. म्हणजे मुलगा दारापाशी. आईंचा गुडघा दुखतो, म्हणजे त्याही दारापाशी. मग मध्ये तुमची लेक. आता तपासा : मधल्या जागेला तीन टोकांचा पट्टा आहे का, डोकेटेकणी आहे का, पायाखाली उंचवटा किती. स्वस्त व्हेरियंटमध्ये नेमकी मधली डोकेटेकणी गायब असते आणि तिथे घरातलं सर्वात गुणी माणूस बसवलं जातं.

डावं दार कुणाला द्यायचं, हा आणखी एक पेच. उतरताना रस्त्याच्या कडेची बाजू ती, त्यामुळे मुलाचाही हक्क आणि आजीचाही. माझं मत विचाराल तर आई डावीकडे आणि बालसीट तुमच्या पाठीमागे. तुम्ही तसेही उजवीकडूनच उतरता, मागे गाडी येत नाही ना ते पाहून मुलाला उतरवा. आई पुढे आणि सूनबाई मागे, असाही एक मार्ग आहे. पुढची सीट मागे सरकते, गुडघ्याला आराम मिळतो. पण हे घरात कोण ठरवतं ते मला माहीत नाही, मी त्यात पडत नाही.

लेकीला मागे बसवलंत की तिला विचारा, ‘बाहेर काय दिसतं?’ हल्ली या गाड्यांच्या खिडक्यांची कड मागे चढत जाते आणि मागचा खांब जाड असतो. दिसायला झोकदार. पण लहान मुलाला आतून फक्त दाराचं प्लास्टिक आणि आभाळाचा तुकडा दिसतो. घाटात शरीर वळतंय आणि डोळ्यांना वळण दिसत नाही, मग गाडी लागते. माझ्याकडे शिकलेली एक डॉक्टरीणबाई नवी गाडी घेऊन तक्रार करत आली की जुन्या गाडीत पोरं कधी ओकली नाहीत. मी मागे बसून पाहिलं, मलाही महाबळेश्वरचा रस्ता दिसेना. मुलाचं भागेल, बालसीट त्याला वर उचलते. लेकीचं बघा.

इंजिनाचा हिशेब सोपा आहे. रोजचे २८ किलोमीटर आणि पाच फेऱ्या धरून वर्षाला साधारण ८००० किलोमीटर होतात. पेट्रोल लिटरला १५ किलोमीटर देईल आणि डिझेल २० देईल असं धरलं, तर आजच्या भावात वर्षाला वीस हजारांच्या आत वाचतात. डिझेल गाडी मुळात लाख-सव्वा लाखानं महाग, वर राज्याचा रस्ताकर पेट्रोलपेक्षा जास्त. सहा वर्षं नुसती फेड. शिवाय २०२० पासूनच्या बीएस-सहा, म्हणजे धुराच्या कडक नियमांतल्या, डिझेल गाड्यांना काजळी गाळणारी जाळी असते, ती जळून साफ व्हायला लांब आणि सलग धाव लागते. तुमची धाव एका वेळी १४ किलोमीटर. जाळी तुंबते, दिवा लागतो, मेहुण्यांना फोन जातो.

सीएनजीला माझा विरोध नाही. प्रश्न डिकीचा आहे. ब्रेझात टाकी डिकीतच बसते. नेक्सॉनमध्ये दोन लहान टाक्या डिकीच्या तळाखाली नेल्या आहेत, त्यामुळे ३२१ लिटर जागा उरते. माहेरून येताना काय काय येतं ते तुम्हाला ठाऊक आहे. लिटरचे आकडे वाचून काही कळत नाही (कायलॅक ४४६, पेट्रोल नेक्सॉन ३८२, थ्रीएक्सओ ३६४, ब्रेझा ३२८), म्हणून पाच डझनी आंब्याची रिकामी पेटी सोबत न्या. ती आडवी बसते का, दोन बसतात का, आणि मुख्य म्हणजे डिकीची कड किती उंच आहे, ते पाहा. तांदळाचं तीस किलोचं पोतं त्या कडेवरून आत टाकायला पाठ लागते, आणि ती शोरूमवाल्याची नसते.

राहिला घाट. कोयनानगर सोडून पुढे उतरताना काही त्रास नाही. चिपळूणहून परत येताना पाच माणसं, भरलेली डिकी, चालू एसी आणि कोपरासारखं वळण, तिथे इंजिनाची परीक्षा. एक लिटरचं टर्बो इंजिन सपाटीवर उडतं, पण इंजिनाचे फेरे कमी असताना टर्बो, म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा, झोपलेला असतो. वळणावर दुसऱ्या गिअरमध्ये गाडी रडायला लागली तर लाज न बाळगता पहिला टाका. टर्बो नसलेलं १.२ लिटर मला या वजनाला अपुरं वाटतं. ब्रेझाचं दीड लिटर साधं आहे, टर्बो नाही, कुठल्याही गावातल्या मेकॅनिकला कळतं. ऑटोमॅटिक घ्यायची असेल तर टॉर्क कन्व्हर्टरची घ्या, ती तेलातून ताकद नेते आणि झटके देत नाही. एएमटी, म्हणजे साध्याच गिअरबॉक्सचा क्लच-गिअर यंत्रानं चालवणारी, स्वस्त पडते, पण चढावर गिअर बदलताना अशी थबकते की मागचा ट्रकवाला हॉर्न मारतो. ट्रायल शोरूमसमोरच्या हायवेवर घेऊ नका. तुम्हाला घाट लांब पडत असेल तर जवळपासचा एखादा चढ गाठा, घरच्या पाचही जणांना बसवा, मध्यावर थांबा आणि पुन्हा निघा.

एक करगंमत सांगते, बजेटशी तिचा संबंध आहे. या सगळ्या गाड्या ३९९५ मिलिमीटरच्या आसपास का असतात? चार मीटरच्या आतल्या गाडीला कर कमी, म्हणून. सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरपर्यंत लांबी आणि पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत असेल तर जीएसटी १८ टक्के, नाहीतर ४०. ब्रेझा लांबीत बसते, पण तिचं इंजिन १४६२ सीसीचं, म्हणून ती ४० मध्ये गेली. लांबी अशी कायद्यानं कापलेली, त्यामुळे कंपनी गाडी उंच करते आणि मागची जागा किंवा डिकी यातलं काहीतरी सोडते. कुणी काय सोडलंय तेवढं शोधा.

नाव सांगायचंच तर : मी तुमच्या जागी असते तर पेट्रोल नेक्सॉन, थ्रीएक्सओ आणि कायलॅक या तिघींपाशी आईंना नेलं असतं. तिघींना भारत एनकॅपचे, म्हणजे गाडी आपटून घेतलेल्या सुरक्षा-चाचणीचे, पाच तारे आहेत. (नेक्सॉननं २०१८ मध्येच ग्लोबल एनकॅपचे पाच मिळवले होते, भारतीय गाडीला पहिल्यांदा, आणि ती बनते आपल्या रांजणगावात.) तारे बघताना मुलांच्या सुरक्षेचे गुण वेगळे दिलेले असतात, ४९ पैकी, तेही वाचा. तिघींपैकी आई जिच्यात कुणाचा हात न धरता बसतील ती घ्या. तिघींतही अडखळल्या, तर वॅगनआरच नवी घ्या आणि उरलेले पैसे लेकीच्या नावावर ठेवा. ताऱ्यांच्या बाबतीत तिथे तडजोड होईल, हे मात्र समजून.

प्रश्न : मुलांचा हट्ट आहे की सनरूफ असलेलंच मॉडेल घ्या. पन्नास-साठ हजार जास्त पडतात. घ्यावं का? (अकोला)

उत्तर : अकोल्यात? मे महिन्यात छताला भोक पाडून आत ऊन घेण्यासाठी पैसे द्यायचे? सनरूफच्या यंत्रणेमुळे डोक्यावरची जागाही थोडी कमी होते. आणि मुलांना ते बाहेर उभं राहायला हवं असतं, हे त्यांनाही माहीत आहे आणि तुम्हालाही. त्याच पैशांत मागचा एसी व्हेंट आणि मधली डोकेटेकणी असलेलं व्हेरियंट मिळतं का बघा. हट्ट फारच असेल तर एकदा भाड्याच्या गाडीत फिरवून आणा, हौस फिटते.

प्रश्न : माझी उंची चार फूट दहा इंच. यजमानांनी कॉम्पॅक्ट एसयूव्ही घेतली आहे, पण मला बॉनेटचं टोक दिसत नाही, म्हणून भीती वाटते. खाली उशी घेतली तर चालेल का? (सावंतवाडी)

उत्तर : उशी नको, ब्रेक मारताना ती सरकते. सीटची उंची वाढवणारा दांडा सीटच्या दाराकडच्या बाजूला असतो, आधी तो शोधा. तुमच्या व्हेरियंटमध्ये नसेल तर अ‍ॅक्सेसरीच्या दुकानात न जाता शोरूममध्ये विचारा. सीट पुढे घेताना स्टिअरिंग आणि छाती यांत वीतभराहून जरा जास्त, म्हणजे पंचवीसेक सेंटिमीटर अंतर राहू द्या. एअरबॅग तिथूनच उघडते. क्लच पूर्ण दाबताना गुडघा ताठ होत असेल तर पाय अजून पोचत नाही असं समजा.

बॉनेटचं टोक मला पाच फूट चार इंचांतूनही दिसत नाही. तेलाचा पंधरा किलोचा रिकामा डबा घ्या, मैदानात उभा करा, सावकाश गाडी पुढे न्या. डबा दिसेनासा झाला की थांबा, हँडब्रेक ओढा, उतरा आणि बंपरपासून डब्यापर्यंत पावलं मोजा. दोन भरली तर दोन, तीन भरली तर तीन. मग डबा डाव्या कोपऱ्यात ठेवा आणि पुन्हा. चार दिवस रोज दहा मिनिटं. डबा चेपला तरी बिघडत नाही, माझ्या शेडमधल्या डब्याला आता एकही बाजू सरळ उरलेली नाही.