आलीच आहेस तर जरा बघ ना

तुझा मेसेज वाचला आणि खरं सांगतो, आधी हसूच आलं. सुट्टीला मामांकडे गेलीस, अख्खी सुट्टी त्यांच्या लॅपटॉपसमोर बसलीस, आणि निघताना शेजारचे काका प्रिंटर काखेत मारून दारात हजर. वर मामी म्हणे, हिला कॉलेजमध्ये हेच तर शिकवतात ना. आता तू मला विचारतेस की काका, पैसे मागू का सरळ नाही म्हणू.

पैशाचं नंतर बघू. माझं रिपेअरिंगचं दुकान आहे त्यामुळे मी जरा वेगळ्या बाजूने बघतो. नातेवाइकांच्या मशीनचा खरा त्रास फुकट कामाचा नसतो, एकदा हात लावलास की ते मशीन तुझ्या नावावर चढतं तो असतो. दिवाळीत तू फॉरमॅट मारून दिलास, फेब्रुवारीत कीबोर्डचं एक बटण निघालं, की फोन येतो, "तू ते काहीतरी केलंस ना तेव्हापासून असं होतंय बघ." चहा सांडलेला असतो तो कुणी सांगत नाही. आमच्या जॉबशीटवर, म्हणजे मशीन घेताना भरतो त्या कागदावर, खाली बारीक अक्षरात छापलेलं असतं की डेटाची जबाबदारी ग्राहकाची, आणि त्यावर सही घेतल्याशिवाय आम्ही स्क्रूसुद्धा काढत नाही. तुझ्याकडे जॉबशीट नाही, मामांकडून सही घ्यायचीही सोय नाही, म्हणून ती ओळ तोंडाने म्हणायची, चारचौघांत, मशीन उघडायच्या आधी. "मामा, यातलं काय काय लागणारे ते आधी दुसरीकडे कॉपी करा, गेलं तर माझ्याकडे मागू नका." जरा उद्धट वाटेल, वाटू दे.

कारण माणसं म्हणतात "महत्त्वाचं काही नाही त्यात, उडव बिनधास्त" आणि तेव्हा ते खोटं बोलत नसतात, त्यांना खरंच आठवत नसतं. आत्याच्या मिस्टरांची कीर्तनाची टिपणं श्रीलिपी या जुन्या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये टाईप केलेली असतात, किंवा तसल्याच सीडॅकच्या आयएसएमच्या कुठल्यातरी सुरेख फॉन्टात, तू सगळ्या फायली नीट पेन ड्राइव्हवर घेतेस, नवीन विंडोज टाकतेस, फाईल उघडतेस आणि समोर इंग्रजी अक्षरांचा कचरा, कारण तो मजकूर युनिकोड, म्हणजे कुठल्याही मशीनवर मराठीच दिसेल असा, नाहीच, तो फॉन्ट असेल तरच मराठी दिसतं. फायली शाबूत आहेत हे त्यांना कसं समजावणार? म्हणून जुन्या मशीनवर फॉन्टचं फोल्डर आधी कॉपी कर, डोळे झाकून. हिशेबाच्या टॅली सॉफ्टवेअरचं तसंच. दुकान चालवणारा काका "डेस्कटॉपवरचं घेतलं की झालं" म्हणतो, पण कंपनीचा डेटा १०००० असल्या आकड्याच्या फोल्डरात असतो आणि ते फोल्डर बऱ्याचदा सी ड्राइव्हलाच असतं, म्हणजे जे तू पहिल्यांदा उडवणार तिथेच. जीएसटीची तारीख तोंडावर आलेली असताना हे झालं तर पुढची दहा लग्नं तुझं नाव निघेल.

आणि आता त्यात बिटलॉकरची, म्हणजे अख्ख्या डिस्कला कुलूप लावणाऱ्या विंडोजच्या सोयीची, भर. नवीन लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन केलं की डिस्कचं एनक्रिप्शन गुपचूप चालू झालेलं असतं, विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून तर नवीन इन्स्टॉलला जास्तच. तू बायोस (मशीन सुरू करणारं बोर्डवरचं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट केलंस किंवा मदरबोर्ड बदलला तर निळ्या स्क्रीनवर ४८ आकडी रिकव्हरी की मागतो. ती की असते त्या अकाउंटमध्ये, आणि अकाउंट कुणाचं, तर लॅपटॉप विकणाऱ्या पोराने घाईघाईत बनवलेलं, ज्याचा पासवर्ड त्यालाही आठवत नाही. तेव्हा स्क्रू ड्रायव्हर नंतर, आधी ती की कुठे आहे ते शोध. सापडली नाही तर बायोस वगैरेच्या वाटेला जाऊ नकोस, विंडोज चालू असेपर्यंत आधी डेटा बाहेर काढ.

मामांचा लॅपटॉप तू लिहिलंस तसा पाचव्या पिढीचा आय थ्री असेल तर त्यावर विंडोज ११ अधिकृतपणे चढत नाही, आठवी पिढी आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तेव्हापासून माझ्याकडे रोज कुणीतरी "अकरा टाकून द्या" म्हणत येतं. जुगाड करून चढवता येतं, यूट्यूबवर पाहिलंही असशील, पण पुढचे अपडेट मिळतीलच याची खात्री मायक्रोसॉफ्ट देत नाही, आणि ते अडकले की दोष तुझा. तू म्हणशील विंडोजऐवजी फुकट मिळणारं लिनक्स मिंट टाकते, मस्त पळतं. पळतं, मान्य, जुन्या हार्ड डिस्कच्या जागी वेगवान एसएसडी लावून तर फारच. पण मग तालुक्याच्या गावातला कुठलाही दुकानदार त्याला हात लावणार नाही, म्हणजे त्या लॅपटॉपची तू आयुष्यभराची सर्व्हिस इंजिनिअर. मामांपुरतं चालणार असेल तर टाक, डोळे उघडे ठेवून.

आता पैसे. सख्ख्या नात्यात घेऊ नकोस असं माझं स्पष्ट मत आहे. पाचशे रुपये घेतलेस की ते पाचशे रुपये वर्षभर ऐकवले जातात आणि वर वॉरंटी मागतात ती वेगळीच. पण पार्टसाठी स्वतःच्या खिशातून एक रुपया घालायचा नाही. एसएसडी, रॅम, चार्जर काय लागेल ते चिठ्ठीवर लिहून दे आणि त्यांना स्वतःला आणू दे, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आणोत नाहीतर ऑनलाइन, बिल त्यांच्या नावाचं, म्हणजे वॉरंटीसाठी धावपळही त्यांचीच. ज्यांना खरंच काम करून हवंय ते आणतात. बाकीच्यांचा उत्साह चिठ्ठीपाशीच संपतो, बघ तू.

धंद्याचं मशीन असेल तर मात्र गोष्ट वेगळी. क्लास चालवणारी मावशी, मेडिकलवाला चुलतभाऊ, बाबांच्या मित्राचं ऑफिस, हे त्या मशीनवर रोज कमावतात, आणि ते बंद पडलं तर नुकसानही रोजचं. ते फुकट घेऊच नकोस, पैसे घेऊनही आत्ता घेऊ नकोस, एखाद्या दुकानाशी एएमसी, म्हणजे वर्षभराच्या देखभालीचा करार, करा म्हणून सांग. भीड ही भिकेची बहीण हे आपली आजी उगाच नाही म्हणायची. आणि हो, तू केलेलं काम चालू झाल्यावर "जरा दादाला पण दाखवून घेऊ" म्हणणारे असतात, त्यांना दादालाच बोलवू दे पुढच्या वेळी. मुलगी रॅम बदलते हे अजून पचत नाही लोकांना.

क्रॅकवालं विंडोज, "तो दुकानदार तर टाकून देतो", हे बोलणं ऐकलं की उठून चहा प्यायला जा. ते क्रॅक करणारा ॲक्टिव्हेटर चालवायला आधी अँटिव्हायरस बंद करावा लागतो, पुढे त्यातून काय आत येतं ते त्याच मशीनवर नेटबँकिंग करणाऱ्याला कळत नाही. शिवाय कॉपीराइट कायद्यात जाणूनबुजून चोरीचं सॉफ्टवेअर वापरणं हा गुन्हाच आहे, कलम ६३बी.

एवढं सगळं वाचून असं समजू नकोस की मी तुला कुणाचंच काम करू नको म्हणतोय. एकट्या राहणाऱ्या आजीचा डेस्कटॉप असेल, जिचा नातू व्हिडिओ कॉलवर तिथेच दिसतो, तर उठून जा, न बोलावता जा. तिथे बहुतेक वेळा काम चिल्लर असतं. "नेट चालत नाही" म्हणतात आणि बघावं तर कॉम्प्युटरची तारीख कित्येक वर्षं मागे गेलेली, त्यामुळे ब्राउजर प्रत्येक साइटला असुरक्षित म्हणतोय. मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल बदलला, तारीख लावली, झालं. डिस्प्ले येत नाही, नुसता बीप वाजतो, तर रॅम काढून सोनेरी पट्टी खोडरबराने हलक्या हाताने घासून परत बसव (आधी पॉवरची वायर काढ, बाई). असल्या कामातून जे कळतं ते प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्ये नाही, मी पण असाच शिकलो.

फक्त एक सवय लावू नकोस त्यांना. तू पुण्यात आणि आजी गावी, म्हणून तू फोनवर सांगतेस की एनीडेस्क (लांबून दुसऱ्याचं मशीन चालवायचं ॲप) उघड आणि तो नंबर वाच. सोयीचं आहे. पण तू त्यांना शिकवतेयस की फोनवर कुणी गोड बोललं की नंबर वाचून दाखवायचा, आणि चोर नेमकं तेच करतात, रिझर्व्ह बँकेने २०१९ मध्येच एनीडेस्कबद्दल सावध केलं होतं. काम झालं की ते ॲप काढून टाक, आणि ठरवून घे की फोन नेहमी आजीने तुला करायचा, तुझ्या नावाने आलेल्या फोनवर काही वाचायचं नाही. तिच्या फोनच्या मागे १९३०, सायबर फसवणुकीची हेल्पलाइन, लिहून चिकटव. पैसे गेले तर आधी तिथे फोन, मग तुला, कारण तुझी ट्रेन पोचेपर्यंत ते पैसे चार खाती फिरलेले असतात.

तर मामांना आजच फोन कर. लॅपटॉपच्या खालच्या स्टिकरचा फोटो व्हॉट्सॲप करायला सांग, एक रिकामी एक्स्टर्नल हार्ड डिस्क आणून ठेवायला सांग, आणि मायक्रोसॉफ्ट अकाउंट कुणाच्या ईमेलवर आहे ते शोधायला सांग. एवढं केलं असेल तर गणपतीत गेल्यावर बस त्यांच्याबरोबर. नसेल केलं तर आरती कर, मोदक खा आणि लॅपटॉपची बॅग उघडूच नकोस. शेजारच्या काकांचा प्रिंटर त्यांना सर्व्हिस सेंटरला न्यायला सांग, इंकटँक प्रिंटरचा शाई सोडणारा हेड जाम झाला असेल तर तो मी पण घेत नाही, पुढे पाठवतो.