गोडं वरण आणि 'स्वीट दाल'

प्रश्न : आमच्याकडे घरगुती राहण्या-जेवणाची सोय आहे. मुलाने मेनू इंग्रजीत छापून आणला, त्यात गोड्या वरणाला 'स्वीट दाल' म्हटलंय. परवा पाहुण्यांनी विचारलं, यात साखर कुठाय? 'गोड'ला 'स्वीट'च म्हणतात ना? – एक वाचक, गुहागर

उत्तर : 'गोड'ला म्हणतात हो, पण तुमचं वरण 'गोडं' आहे! ड वरच्या त्या टिंबात सगळी गंमत आहे. गोड पाणी म्हणजे साखर घातलेलं, गोडं पाणी म्हणजे पिण्याचं. माझ्या आजोळी, वेळणेश्वरला, विहीर समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. मे महिन्यात पाणी मचूळ व्हायचं, त्यात डाळ म्हणून शिजायची नाही. मग आजी आम्हा पोरांना कळश्या देऊन वरच्या आळीत पिटाळायची, 'वरणापुरतं तरी गोडं आणा रे.' गोडं तेल, गोडा मसाला, गोडी डाळ यांतही साखरेचा काही संबंध नाही. खारट नाही, तिखट नाही, कडू नाही, ते गोडं.

गंमत म्हणजे इंग्रजीतल्या 'स्वीट'लाही हा अर्थ आहे. 'स्वीट वॉटर' म्हणजे गोडं पाणी. 'स्वीट बटर' म्हणजे बिनमिठाचं लोणी. खनिज तेलही 'स्वीट' असतं; गंधक साधारण अर्धा टक्क्याहून कमी असलं की झालं. मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर, भर समुद्रात, 'बॉम्बे हाय'ला निघतं ते याच जातीचं. 'स्वीटब्रेड' मात्र कुठे दिसला तर पाव समजून मागवू नका. ती जनावराच्या गळ्यातली नाहीतर पोटातली ग्रंथी असते.

म्हणजे मुलाचा तर्क अगदीच वाईट नव्हता. पण जेवणाच्या ताटात 'स्वीट' वाचलं की माणूस साखरच शोधणार. सरळ 'प्लेन दाल' छापा आणि खाली हिंग, हळद, तूप, लिंबू असं लिहा. तुमच्याकडे वरणात गुळाचा खडा पडत असेल तर तोही लिहा. आमच्या जाऊबाई घालतात, मला नाही आवडत.

तसंच, घरी सुनेची 'गोड बातमी' असेल तर पाहुण्यांना 'स्वीट न्यूज' सांगू नका, त्यांना काही कळायचं नाही. 'गुड न्यूज' म्हणा.

आणि मासे करत असाल तर मेनूचं ते पानही एकदा बघून घ्या. तिसऱ्यांचं 'थर्ड' झालेलं नाही ना?