"मॅडम, आधी कुठलं पुस्तक घेऊ?"

जुलै उजाडला की एमएला ॲडमिशन घेतलेली नाहीतर युपीएससीला पॉलिटिकल सायन्स ऑप्शनल घेतलेली मुलं माझ्याकडे दादरला येतात आणि सगळ्यांची काळजी एकच, तुलनात्मक राजकारणाला, म्हणजे वेगवेगळ्या देशांचं राजकारण शेजारी ठेवून अभ्यासण्याच्या विषयाला, सुरुवात कुठल्या पुस्तकाने करायची. म्हणून एका मुलीबद्दल लिहिते (ओळखीचे तपशील बदललेत).

डोंबिवलीहून यायची. मोबाईलमध्ये ढीगभर पीडीएफ, आणि प्रत्येकाचं पहिलंच प्रकरण वाचून सोडलेलं. "वाचायला बसलं की वाटतं दुसरं जास्त चांगलं असेल." मी पुस्तकाचं नाव सांगावं म्हणून ती थांबलेली आणि मी नाव सांगत नाही, कारण माणसाच्या आत प्रश्न आधीच असतो, तो वर आला की पुस्तक सापडतं असं मी मानते.

मी म्हटलं, "राजकारणातली तुला आजही खुपणारी एक गोष्ट सांग."

बराच वेळ गप्प. मग म्हणाली, "२०१४. बसपाला देशभरात चार टक्क्यांवर मतं आणि लोकसभेत एकही सीट नाही. त्या दिवशी आमच्याकडे कोणी नीट जेवलं नाही."

"असं दुसऱ्या कुठल्या देशात झालंय का?"

पुढच्या वेळी ती दारातूनच बोलत आली. "मॅडम, जर्मनीत २०१३ ला फ्री डेमोक्रॅटिक पार्टीला ४.८ टक्के मतं, तरी शून्य सीट! पण कारण वेगळंय. तिथे मतांच्या प्रमाणात सीट देतात, फक्त पाच टक्क्यांची अट आहे, ती थोडक्यात हुकली. आपल्याकडे तसली अट नाही, पण एकेका मतदारसंघात पहिला येणाराच जिंकतो, बाकीची मतं जातात." शून्य सारखंच, रस्ते दोन, आणि तुलना म्हणजे हेच की, ते तिचं तिला सापडलं याचा मला आजही आनंद आहे. हे शोधताना तिने कॅरामानीच्या 'कम्पॅरेटिव्ह पॉलिटिक्स' या पाठ्यपुस्तकातलं निवडणुकांचं प्रकरण अख्खं वाचलं होतं.

तर तुम्हीही असंच करा. लायब्ररीत बसून एकच विषय दोन-तीन पुस्तकांतून वाचा आणि ज्यातून पुढचा प्रश्न पडेल ते घ्या. आल्मंड-पॉवेलच्या 'कम्पॅरेटिव्ह पॉलिटिक्स टुडे'मध्ये थोडी सिद्धांताची प्रकरणं आणि मग एकेक देश येतो, गोष्टीसारखं वाचायला आवडणाऱ्यांना ते जवळचं वाटतं. कॅरामानी विषयवार आहे, पक्ष, संसद, निवडणुका असा, पण जड आहे. ओ'नीलचं 'इसेन्शियल्स ऑफ कम्पॅरेटिव्ह पॉलिटिक्स' छोटं आहे, अगदीच नवख्याने तिथून सुरू करावं. जुनी आवृत्ती संकल्पनांसाठी चालते, देशांसाठी मात्र जपून, त्यात ब्रिटन अजून युरोपियन युनियनमध्ये असेल आणि तो तर २०२० लाच बाहेर पडलाय.

मराठी माध्यमातून आलेल्यांनी तोच विषय आधी मराठी नोट्समधून वाचावा आणि मग इंग्रजी प्रकरण उघडावं, पहिल्या दिवशी चार पानं झाली तरी पुष्कळ झालं.