‘रिपोर्टमध्ये काही नाही, मग दुखतं कशाला?’

‘तिन्ही डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करण्यासारखं काही नाही. घरचे म्हणतात, तू फार मनावर घेतेस. आता तुमच्याकडे पाठवलंय. म्हणजे दुखणं मनाचंच ठरलं ना?’

जुनी कंबरदुखी घेऊन समुपदेशनाला येणाऱ्या अनेकांच्या बोलण्याची सुरुवात थोड्याफार फरकाने अशीच होते. पुढची हकिगत अशा अनेकांच्या अनुभवांतून जुळवलेली आहे. बाई 44 वर्षांच्या, दिवसभर बसून हिशेब तपासण्याचं काम. दोन वर्षांपूर्वी खोकं उचलताना कंबरेत लचक भरली, तेव्हापासून दुखणं सुटलेलं नाही.

आधी धोक्याच्या खुणा विचारून घ्यायच्या, मग बाकीचं. लघवी-शौचावरचा ताबा सुटणं, मांड्यांच्या आतल्या बाजूला आणि बैठकीच्या जागी बधिरपणा, पायातली ताकद कमी होत जाणं, ताप, कारण नसताना वजन घटणं, पूर्वी झालेला कॅन्सर, मोठा मार. यातलं काहीही असेल तर समुपदेशन थांबवून आधी डॉक्टर. ताबा सुटणं आणि बैठकीचा बधिरपणा असेल तर त्याच दिवशी इमर्जन्सी गाठायची. बाईंना यातलं काही नव्हतं.

होता तो एमआरआयचा रिपोर्ट, घड्या पडून मऊ झालेला. त्यात ‘डिस्क बल्ज’ (मणक्यातली गादी फुगणं) आणि ‘डीजनरेटिव्ह चेंजेस’ (झीज) या शब्दांखाली पेनाने रेघ मारलेली. कुणीतरी सांगितलं होतं, ‘मणक्यातली गादी सरकली, आता जपून.’ बाईंनी जपलं, आणि इतकं जपलं की खाली पडलेलं पेनसुद्धा श्वास रोखून, पाठ ताठ ठेवून, टेबलाला धरून उचलत होत्या. अशा वेळी पाठीचे स्नायू गरज नसताना आवळले जातात. दिवसभर असे आवळलेले स्नायू संध्याकाळी दुखणारच, आणि ते दुखणं ‘गादी आणखी सरकली’ या भीतीच्या खात्यात जमा होतं.

या रिपोर्टबद्दल एक आकडेवारी बाईंना दाखवली. कंबर अजिबात न दुखणाऱ्या 3,110 लोकांच्या तपासण्यांचा एकत्रित आढावा 2015 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात विशीतल्या 37 टक्के लोकांच्या मणक्यांच्या गाद्यांमध्ये झीज होती, ऐंशीच्या वयात 96 टक्के. गादी फुगलेली दिसण्याचं प्रमाण चाळिशीत 50 टक्के. म्हणजे बाईंच्या वयाच्या, काही न दुखणाऱ्या दर दोन माणसांतल्या एकाच्या रिपोर्टमध्ये हाच शब्द सापडेल. मग झीज बिनमहत्त्वाची का? तसंही नाही, काहींमध्ये नस खरोखर दबते. पण केस पिकल्यासारखी वयाची खूण आणि दुखण्याचं कारण यात फरक असतो, आणि तो नुसत्या फोटोवरून कळत नाही.

आता मूळ प्रश्न. दुखणं मनाचं का? नाही. दुखणं खरं आहे. फक्त ते आता मूळ इजेच्या जोरावर चाललेलं नाही. स्नायू-बंधांच्या अशा साध्या इजा बहुधा काही आठवड्यांत भरतात. तीन महिन्यांहून जास्त टिकलेल्या किंवा परत परत येणाऱ्या दुखण्याला जुनं दुखणं म्हणतात. क्लिफर्ड वूल्फ यांनी 1983 मध्ये प्राण्यांवरच्या प्रयोगांतून दाखवलं, की इजेनंतर मज्जारज्जूतल्या चेतापेशींची उत्तेजनक्षमताच वाढते: थोड्या संदेशाला मोठा प्रतिसाद, साध्या स्पर्शालाही प्रतिसाद. इजा ताजी असताना हे उपयोगाचं, कारण आपण तो भाग जपतो. काही जणांत मात्र जखम भरल्यावरही ही संवेदनशीलता उतरत नाही. म्हणूनच वेदनेच्या अभ्यासाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने 2020 मध्ये सुधारलेल्या व्याख्येत वेदनेसाठी ऊतींना इजा झालेलीच असली पाहिजे अशी अट नाही. अशा दुखण्याला नोसिप्लास्टिक हे नावही मिळालंय.

‘मग समुपदेशकाकडे कशाला?’ हा बाईंचा पुढचा प्रश्न, आणि तो रास्तच होता. मेंदूकडून मज्जारज्जूकडे उतरणारे मार्ग वेदनेचे संदेश दाबूही शकतात आणि वाढवूही शकतात. रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी 1965 मध्ये हे नियंत्रण आपल्या सिद्धांतात मांडलं. तपशील पुढे बदलले, मुख्य कल्पना टिकली. भीती, अपुरी झोप आणि सततचं लक्ष हे सगळे याच मार्गांवर काम करतात. तिथे हात घालता येतो, म्हणून समुपदेशन.

रोज काय केलं आणि किती दुखलं, हे बाईंना वहीत लिहायला सांगितलं. पहिल्या आठवड्याची वही महत्त्वाची ठरली. सोमवारी बरं वाटलं, म्हणून चार तास साफसफाई. मंगळवार-बुधवार अंथरुणात. गुरुवारी अपराधी वाटून पुन्हा जोर. जुन्या दुखण्यात हा नमुना इतका सर्रास आढळतो की वही उघडण्याआधीच ओळखता येतो. यात शरीर काय शिकतं? हालचाल म्हणजे दुखण्याचा भडका.

उपाय ऐकायला साधा आहे, पण पाळायला चिवट. तीन दिवस बसण्याची वेळ मोजली, दुखणं स्पष्ट वाढेपर्यंत: 34, 22 आणि 19 मिनिटं. सरासरी 25, तिच्या 80 टक्के म्हणजे 20. मोबाइलचा गजर 20 मिनिटांचा. वाजला की उठायचं, दुखत असो वा नसो, आणि तीन मिनिटं चालायचं. थांबायचं ते घड्याळाच्या सांगण्यावरून. वाढ आठवड्याला साधारण दहा टक्के: 22, मग 24. चालण्याचंही असंच, आठ मिनिटं दिवसातून दोनदा यापासून सुरुवात.

घोळ होतो तो चांगल्या दिवशी. चौथ्या आठवड्यात बाईंनी गजर बंद करून सलग सव्वा तास काम उरकलं आणि पुढचे दोन दिवस गेले. गजर बरं वाटत असताना पाळणं जास्त अवघड असतं, हे आधी सांगूनही बहुतेकांना एकदा अनुभवावं लागतं.

वाकण्याच्या भीतीसाठी वेगळी यादी केली. बुटाची लेस बांधणं, भीती शंभरपैकी 30. खालच्या कप्प्यातली फाइल काढणं 50. तेच खोकं उचलणं 95. सुरुवात 30 पासून. प्रत्येक वेळी आधी लिहायचं: ‘वाकले तर कंबर धरेल, खात्री 80 टक्के.’ मग श्वास न रोखता वाकायचं, आणि लगेच व दुसऱ्या दिवशी काय झालं ते शेजारी लिहायचं. थोडं दुखलं, पण कंबर धरली नाही, अशा नोंदी स्वतःच्या अक्षरात साठल्या की समुपदेशकाने समजावण्यापेक्षा जास्त काम करतात.

डॉक्टरांनी दिलेली अमिट्रिप्टिलीन बाईंनी परस्पर बंद केली होती, कारण ‘ही डिप्रेशनची गोळी आहे’ असं वाचलं. दुखण्यासाठी ती बहुधा 10 मिलिग्रॅमपासून सुरू करतात. नैराश्यावरचा डोस याच्या कितीतरी पट असतो. वर सांगितलेल्या उतरत्या मार्गांना बळ देणं, हा तिच्या कामाचा एक भाग मानला जातो. तोंड कोरडं पडतं, सकाळी गुंगी राहते, म्हणून ती कधी घ्यायची हेही डॉक्टरांनाच विचारायला लावलं. गोळ्यांची चालू-बंद समुपदेशकाच्या सल्ल्यावर करायची नसते.

घरच्यांबद्दल थोडक्यात: नवऱ्याने रोज संध्याकाळी ‘आज किती दुखतंय?’ विचारणं थांबवून सोबत चालायला जायचं, एवढाच बदल सुचवला.

या सगळ्याचा परिणाम किती होतो? जुन्या दुखण्यावरच्या वर्तनोपचारांचा सरासरी फायदा लहान असतो, असं मोठे आढावे सांगतात. दुसरीकडे, 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या 151 जणांच्या एका चाचणीत, दुखणं मेंदूच्या चुकीच्या इशाऱ्यातून येतं हे शिकवणाऱ्या उपचारानंतर 66 टक्के लोक वेदनामुक्त किंवा जवळपास वेदनामुक्त झाले. नेहमीचे उपचार चालू असलेल्यांत हे प्रमाण 10 टक्के होतं. मात्र त्यात सौम्य ते मध्यम कंबरदुखीचेच लोक घेतले होते. त्यामुळे ‘पूर्ण जाईल’ असं वचन बाईंना दिलं नाही.

बाराव्या आठवड्यात दुखण्याचा आकडा दहापैकी सातवरून पाचवर आला होता. बसणं 45 मिनिटं, चालणं 20. खोक्यापर्यंत अजून पोचायचं होतं. वहीच्या मागच्या पानावर भडक्याच्या दिवसाचं वेळापत्रक मात्र चिकटवलेलं होतं: पहिले दोन दिवस सगळं निम्म्यावर, पण शून्यावर नाही, तिसऱ्या दिवशी तीन-चतुर्थांश, पाचव्या दिवशी पुन्हा मूळ आकडा, आणि पायात नवीन बधिरपणा वा अशक्तपणा आला तर वेळापत्रक बाजूला ठेवून डॉक्टरांना फोन.