त्याला मी आवडत नाही का?

समुपदेशनाच्या पहिल्याच भेटीत तिने पिशवीतून एक वही काढून माझ्यापुढे ठेवली. तिशीच्या आतली, एकटी राहणारी मुलगी. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) सशाचं अडीच महिन्यांचं पिल्लू घरी आणून तीन आठवडे झाले होते. वहीत सगळ्या नोंदी होत्या. किती वाजता खाल्लं, कुठे लपलं, श्वास चालू आहे ना हे बघायला ती रात्री किती वेळा उठली. हा आकडा कधी चार, कधी पाच.

"ताई, मी जवळ गेले की तो पळतो. उचललं की लाथा झाडतो. परवा तर स्वतःच्याच लेंड्या खाताना दिसला. माझंच काहीतरी चुकतंय. त्याला मी आवडत नाही का?"

पहिल्यांदाच प्राणी पाळणारी बरीच माणसं हा प्रश्न घेऊन येतात. "एवढं काय त्यात" असं मी त्यांना कधीच म्हणत नाही. तिला मी आधी प्राण्यांच्या डॉक्टरांकडे पाठवलं. पिल्लू ठणठणीत होतं. लेंड्यांचाही उलगडा झाला. ससे दोन प्रकारच्या लेंड्या टाकतात. त्यातल्या मऊ, चकचकीत, घोसासारख्या लेंड्या ते पुन्हा खातात, कारण पहिल्या फेरीत न मिळालेलं पोषण त्यांना त्यातून मिळतं. म्हणजे जे पाहून ती रात्रभर रडली होती, ते निरोगीपणाचं लक्षण होतं.

दुसऱ्या भेटीत आम्ही वहीची छाटणी केली. दोनच रकाने ठेवले, खाणं आणि लेंड्या. सशाची आतडी सतत चालू राहावी लागतात, म्हणून वाळलं गवत त्याच्यापुढे चोवीस तास हवं. आयुष्यभर वाढत राहणारे त्याचे दातही त्या गवतानेच झिजतात. दहा-बारा तास त्याने काही खाल्लं नाही किंवा लेंड्या थांबल्या, तर मध्यरात्र असली तरी डॉक्टर गाठायचा. त्यासाठी घाबरणं अगदी रास्त आहे, असं मी तिला स्पष्ट सांगितलं. बाकीचे रकाने तिने स्वतःच खोडले.

उचलण्याचा प्रश्न मात्र अवघड होता. ससा हा शिकार होणारा प्राणी. पाय जमिनीवरून सुटले, की आपण कुणाच्या तरी तावडीत सापडलो, एवढंच त्याला कळतं. डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्यामुळे त्याला मागचंही दिसतं, पण नाकासमोरचं दिसत नाही. तिथे अचानक आलेल्या हाताने तो दचकतो. शिवाय हातात धरलेला असताना त्याने जोरात लाथ झाडली, तर त्याचा नाजूक कणा मोडूही शकतो. हे ऐकून ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "लहानपणी घरात कुणी अबोला धरला, की ते माझ्यामुळेच, असं मला वाटायचं."

तिच्या भीतीचं मूळ मला तिथे दिसलं. पुढचे दोन तास आम्ही सशाबद्दल जवळजवळ बोललोच नाही.

मी तिला एकच काम दिलं. ससे पहाटे आणि तिन्हीसांजेला जास्त हालचाल करतात. तेव्हा संध्याकाळी वीस मिनिटं जमिनीवर बसायचं, शेजारी मूठभर गवत ठेवायचं, पुस्तक वाचायचं. हात पुढे करायचा नाही, हाकही मारायची नाही. पहिल्या आठवड्यात तिला हे फार जड गेलं. नुसतं बसून प्रेम कसं करायचं, असं तिने चिडून विचारलं. तिचं चिडणं मला बरं वाटलं. तोवर ती फक्त माफीच मागत होती.

पाचव्या आठवड्यात ती आली, तेव्हा रात्रीचं उठणं एकावर आलं होतं. तो अजूनही मांडीवर येत नव्हता. "पण काल माझ्यापासून हातभर अंतरावर अंग टाकून, पाय ताणून झोपला," ती म्हणाली. "माझ्याकडे पाठ करून. महिन्यापूर्वी मी वहीत लिहिलं असतं, 'रुसलाय'."

"आणि काल काय लिहिलंस?"

"काही नाही. तो उठेपर्यंत मी हललेच नाही."