ठराव वहीत, नावं मात्र जुनीच

फुटबॉलचा हंगाम उतरला की पेठांतल्या फुटबॉल मंडळांचे कार्यकर्ते हिशेबाच्या पिशव्या घेऊन माझ्याकडे येतात. प्रश्न दरवर्षी तेच असतात, म्हणून उत्तरं इथेच देतो.

वर्गणी खजिनदाराच्या मोबाईलवर घेतली तर चालेल का?

नाही. मंडळाच्या खात्याचाच क्यूआर कोड लावा.

मंडळ नफा कमवत नाही, मग ऑडिट नको असं सगळे सांगतात. खरं का?

हे "सगळे" नोटीस आल्यावर सोबत येत नाहीत. नफा नसला म्हणून ऑडिट सुटत नाही. हिशेब 31 मार्चला बंद करा. अहवाल सहा महिन्यांत धर्मादाय कार्यालयात जायला हवा. आयकराचं आकडे बघूनच ठरेल, सीएंना भेटा.

अध्यक्ष वारले. तीन वर्षांपूर्वी नवी कमिटी निवडली, ठरावही आहे. तरी बँक सह्या बदलत नाही आणि बक्षिसाची रक्कम अडकली आहे.

बँकेचं बरोबर आहे. ठराव तुमच्या वहीत आहे; धर्मादाय कार्यालयाच्या नोंदीत अजून जुनीच नावं आहेत. 1950 च्या महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्यात बदल अर्ज, म्हणजे विश्वस्त बदलल्याची नोंद करून घेण्याचा अर्ज, 90 दिवसांत द्यायचा असतो. हेच मी वर्षानुवर्षं सांगतोय. मागे फुटबॉल संघ चालवणाऱ्या एका तालमीचा पीटीआर उतारा, म्हणजे धर्मादाय कार्यालयाच्या नोंदवहीतला उतारा, काढला, तर सात विश्वस्तांतले चौघे हयात नव्हते. खजिनदाराच्या वहीत "बूट 7 जोड" आणि त्याखाली घरच्या दुधाचं बिल. माणूस प्रामाणिक होता, पण तो गेल्यावर कुठला पैसा कुणाचा हे सांगायला कोणी उरलं नाही. पोरांना त्या हंगामात जर्सी स्वतःच्या खिशातून घ्याव्या लागल्या. उशिराचं सबळ कारण देऊन विलंब माफ करून घेता येतो, पण मधल्या प्रत्येक निवडणुकीचा अर्ज, सभेची नोटीस, हजेरी लागते. कागद गोळा करा आणि याच आठवड्यात वकिलांना गाठा. "पुढच्या सभेत बघू" नको.

जर्सीवर दुकानाचं नाव छापतो. एजंट म्हणतो, देणगीची पावती फाडा, दुकानदाराला करसवलत मिळेल.

त्या एजंटला दारात उभं करू नका. नाव छापून घेतलेला पैसा हा जाहिरातीचा मोबदला, देणगी नव्हे. खोट्या पावतीवर सही तुमची असते, त्याची नाही. खरी देणगीसुद्धा 2,000 रुपयांवर रोख घेतली, तर देणाऱ्याला सवलत मिळत नाही. प्रायोजकाशी लेखी करार करा, आणि सहीआधी तो सीएंना दाखवा.

चेंजिंग रूमसाठी कर्ज काढावं का?

विश्वस्तांनी संस्थेसाठी कर्ज काढण्याआधी धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते का, हे वकिलांना विचारा. लागत असेल तर आधी परवानगी, मग पाया.